अंदमान की मालदीव, आणि पोर्ट ब्लेअरला नेमके किती दिवस?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सत्तरीचे आई-वडील, शाळेतली दोन मुलं, मुंबईहून निघायचं, डिसेंबर-जानेवारीत सहा रात्री. एजंटने अंदमान आणि मालदीव असे दोन कार्यक्रम दिलेत. अंदमानच्या कार्यक्रमात पोर्ट ब्लेअरला पहिली एक रात्र, बाकी सगळ्या बेटांवर. देशातल्या देशात सोपं पडेल म्हणून अंदमान घ्यावं का, आणि पोर्ट ब्लेअरला एक दिवस पुरतो का?

अंदमान घ्या, पण सोपं म्हणून घेऊ नका. आणि एक दिवस पुरत नाही.

मुंबईहून मालदीवची राजधानी माले सरळ रेषेत साधारण 1650 किलोमीटर आहे आणि पोर्ट ब्लेअर जवळपास 2300. म्हणजे इथे परदेश जवळ आणि देश लांब आहे. पोर्ट ब्लेअरहून म्यानमारचं यांगून 700 किलोमीटरच्या आत येतं, चेन्नई मात्र त्याच्या दुप्पट अंतरावर. मालेला मुंबईहून थेट विमानाने तीनेक तासांत उतरता येतं. पोर्ट ब्लेअरला जाताना बहुतेकदा चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूला विमान बदलावं लागतं आणि पुढचा टप्पा आणखी दोन-अडीच तासांचा. पासपोर्ट लागत नाही ही सोय खरी. पण बेटांच्या सहलीत कागदपत्रांपेक्षा वाहनं किती वेळा बदलायची हे जास्त महत्त्वाचं. हॅवलॉक बेटाला पोचेपर्यंत दोन विमानं, टॅक्सी, बोट, पुन्हा टॅक्सी. यातला एक सांधा निखळला की पुढचे सगळे हलतात. मालदीवला सांधे कमी, पण निखळला तर दुरुस्ती डॉलरमध्ये होते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. डिसेंबर 2018 मध्ये रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं होतं. बुकिंग करताना कुठे जुनं नाव दिसतं कुठे नवं, पण टॅक्सीवाले अजून जुनीच नावं घेतात. इथेही सोयीसाठी जुनीच वापरतो.

आता घड्याळ. अंदमानचा अर्धा कार्यक्रम यामुळेच फसतो. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, पण सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 80 मिनिटं आधी डोक्यावर येतो. डिसेंबरात उजाडतं साडेपाचला आणि सूर्य बुडतो पाचच्या सुमारास. मुंबईच्या सवयीने नऊला नाश्ता, दहाला बाहेर, दुपारी जेवून एक डुलकी आणि चारला "आता बीचवर जाऊ" असं केलं, तर पाण्यात पाय घालेपर्यंत अंधार होतो. पोर्ट ब्लेअरला दिवस साडेसहाला सुरू करायचा. आई-वडील पहाटे उठणारे असतील तर त्यांना हे गाव फार मानवेल, मुलांना उठवणं तुमच्याकडे. चिडिया टापूचा सूर्यास्त बघायचा असेल तर गावातून साडेतीनलाच निघायला हवं. अंतर 25 किलोमीटरच आहे, पण रस्ता वळणांचा, आणि साडेचारनंतर उजेड भराभर उतरतो.

पोर्ट ब्लेअर लहान आहे. विमानतळापासून अबर्डीन बाजार चारेक किलोमीटर. घंटाघराजवळ उतरलं की सेल्युलर जेल चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तिथून उतारावर अबर्डीनची जेट्टी, जिथून रॉसच्या बोटी सुटतात. हॅवलॉक-नीलच्या बोटी मात्र दुसऱ्या धक्क्यांवरून, फिनिक्स बे किंवा हॅडो जेट्टीवरून सुटतात. "जेट्टी" एवढंच सांगून रिक्षात बसू नका, नाव घ्या. चुकीच्या धक्क्यावर पोचून बोट हुकणं हा इथला नेहमीचा प्रकार. रिक्षा-टॅक्सीचे पैसे बसण्याआधी ठरवा. राहायला समुद्रकाठच्या दूरच्या रिसॉर्टपेक्षा अबर्डीन बाजार, गोलघर किंवा डिलानीपूरच्या आसपास घ्या. सकाळी लवकर निघताना आणि रात्री शो पाहून परतताना वृद्धांचे हाल होत नाहीत.

सेल्युलर जेलला एजंट तासभर देतात. निदान अडीच तास ठेवा. 1896 ला बांधायला घेतलेलं हे तुरुंगाचं काम 1906 ला पुरं झालं. मधल्या मनोऱ्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात विंगा निघत होत्या, प्रत्येक तीन मजली, मिळून सातशेच्या आसपास कोठड्या. आज तीनच विंगा उभ्या आहेत. 1941 चा भूकंप, नंतर जपानी अंमल आणि पाडापाडी यांत बाकीच्या गेल्या. जिथे त्या होत्या तिथे आता जी. बी. पंत रुग्णालय आहे.

रचना समजून घेतली नाही तर इथे नुसत्या विटा दिसतात. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात उभं राहून समोर पाहा: एका विंगेच्या दारांसमोर दुसऱ्या विंगेची पाठ येते. म्हणजे कैद्याला गजांतून दिसायची ती फक्त भिंत, दुसऱ्या कैद्याचा चेहरा कधीच नाही. मग कोठडीचा अडसर पाहा. लोखंडी दांडा दारापासून लांब जाऊन भिंतीतल्या एका कोनाड्यात बसतो आणि कुलूप तिथे आत लागतं. मुलांना कोठडीत उभं करून गजांतून हात बाहेर काढायला सांगा. बोटं कोनाड्याच्या अलीकडेच थांबतात. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद, झरोका हात पोचणार नाही इतका वर.

सावरकरांची कोठडी सातव्या विंगेत, तिसऱ्या मजल्यावर, टोकाला आहे. लिफ्ट नाही, पायऱ्या उंच आहेत. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर आधी तळमजल्याचं प्रदर्शन, मग एका दमात वर, आणि वरती पंधरा-वीस मिनिटं बसणं असा क्रम ठेवा. 1911 ते 1921 सावरकर इथे होते आणि थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात आधीपासून होते. दोघांना बराच काळ एकमेकांचा पत्ता नव्हता. व्हरांड्यातली ती समोरची पाठ पाहिल्यावर हे कसं शक्य झालं ते कळतं. अंगणात कोलूची प्रतिकृती आहे. दिवसाला 30 पौंड खोबरेल, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर तेल, एका माणसाने बैलासारखं फिरून काढायचं होतं. शेजारी फाशीघर आहे, त्यात तीन दोर लटकवलेले. लहान मुलं असतील तर तिथे न्यायचं की नाही ते आधी ठरवा. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम अंगणातल्या पिंपळाच्या तोंडून सांगितला आहे. हिंदी खेळाची तिकिटं सुट्ट्यांच्या दिवसांत लवकर संपतात, ती मुंबईतूनच काढून ठेवा. बसायचं उघड्यावर असतं, डासांचं मलम आणि पातळ रेनकोट जवळ असू द्या.

एक घोटाळा टाळा: जेल दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद होतं आणि बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. सोमवारी उतरणारं विमान घेतलंत तर संग्रहालयं दुसऱ्या दिवशी टाका.

रॉस बेटाला सकाळची पहिली बोट घ्या. धक्क्यावर "तीन बेटं एका दिवसात", म्हणजे रॉस, नॉर्थ बे आणि वायपर, असं पॅकेज गळ्यात मारतात. त्यात रॉसवर तास-सव्वा तास मिळतो आणि सगळा वेळ नॉर्थ बेच्या जलक्रीडांत जातो. जुन्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागचा देखावा नॉर्थ बेच्या दीपगृहाचा, एवढं अप्रूप सोडलं तर पुढे हॅवलॉकला जाणाऱ्याने तिथे स्नॉर्केलिंगला पैसे घालण्यात अर्थ नाही. वायपर मात्र जमलं तर बघा. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला 8 फेब्रुवारी 1872 ला होपटाउनच्या धक्क्यावर भोसकणाऱ्या शेर अलीला तिथे फाशी दिलं. रॉस हे 1858 पासून ब्रिटिशांचं मुख्य ठाणं होतं. 1941 चा भूकंप आणि पाठोपाठ मार्च 1942 मध्ये जपान्यांचं आगमन, त्यात ते ओस पडलं. आता चर्च, बेकरी, बंगले यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी आवळून धरल्या आहेत आणि हरणं अंगाशी येतात. त्यांना बिस्किटं घालू नका.

रॉसहून परतल्यावर उरलेल्या दिवसात चाथमची लाकूड गिरणी. 1883 पासूनची आहे, जपानी बॉम्बने पडलेला खड्डा आवारात अजून आहे, आणि ओंडक्याची फळी होताना मुलांना प्रत्यक्ष दिसते. मानववंशशास्त्र संग्रहालय छोटं असलं तरी अंदमान-निकोबारच्या जमाती समजून घ्यायला त्याहून चांगली जागा गावात नाही. समुद्रिका संग्रहालय मुलांच्या वयावर अवलंबून. देवमाशाचा सांगाडा दारातच आहे, तो पाहून परत फिरलात तरी चालेल.

आता बोटी. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीने दीड ते दोन तास, सरकारी बोटीने अडीच तासांच्या आसपास. खासगी बोटी बंद वातानुकूलित असतात. समुद्र हलला की आतल्या गारठ्यात आणि डिझेलच्या वासात मळमळ लवकर सुरू होते. सरकारी बोटीत मोकळ्या डेकवर उभं राहता येतं, पण तिकीट मिळणं कठीण. जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागे घ्या. पुढच्या काचेजवळची "प्रीमियम" सीट सर्वांत जास्त आपटते. मळमळीची गोळी बोट सुटण्याच्या निदान तासभर आधी घ्यायची; डुलायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आई-वडिलांना रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधं चालू असतील तर कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या, कारण यातल्या काही गोळ्यांनी गुंगी येते आणि लघवी अडते. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हातातल्या पिशवीत हवं, मुलांचं आधारही. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्र धक्क्यावर ताडून पाहतात.

बोट रद्द होते ती मुख्यतः वाऱ्यामुळे. मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतोच, पण नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आला तरी एक-दोन दिवस बोटी बंद राहतात. म्हणून इथला एकच नियम कडक पाळायचा: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच. "सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडू" हे एजंटच्या कागदावर छान दिसतं. बोट हुकली की पाच जणांची नवी तिकिटं आणि हंगामातले चढे दर, भरपाई कोणी देत नाही.

त्यामुळे तुमच्या सहा रात्री अशा लावा. पहिल्या दोन पोर्ट ब्लेअरला: उतरल्या दिवशी दुपारी जेल आणि संध्याकाळी शो, दुसऱ्या दिवशी रॉस, चाथम, संग्रहालय. मग दोन रात्री हॅवलॉक. पाचव्या दिवशी दुपारच्या बोटीने परत आणि शेवटच्या दोन रात्री पुन्हा पोर्ट ब्लेअर. सहावा दिवस मुद्दाम मोकळा. बोट वेळेवर आली तर त्या दिवशी सकाळी वंडूरहून जॉली बॉय बेट. ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो, प्लास्टिक नेता येत नाही आणि पाण्याच्या बाटलीसाठी अनामत ठेवावी लागते. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतात, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांनाही काहीतरी हाती लागतं. मात्र मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरताना तोल सांभाळावा लागतो, आईला मधोमध धरून उतरवा. वाटेत सिप्पीघाटला रस्त्याकडेला पाणथळ दिसेल. ती पूर्वी शेती होती. 2004 च्या भूकंपात दक्षिण अंदमान जवळपास एक मीटर खचला आणि खाऱ्या पाण्याने ती गिळली. बोट वेळेवर आली नाही तर हाच मोकळा दिवस विमान वाचवतो. नील यात बसत नाही, कोंबू नका.

एजंटच्या कागदावर बाराटांगही असेल. ते मी काढून टाकीन. पहाटे तीनला उठायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबायचं, मग जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जायचं, तेही चुनखडीची एक गुहा आणि बुडबुडे येणारा चिखल बघायला. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता त्या जंगलातून बंद करायला सांगितला होता. तिथे गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं हे गुन्हे आहेत, त्यासाठी तुरुंगवास आहे. सत्तरीच्या माणसांना इतक्या तासांचं हादरे खाणं आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणं, दोन्हीची गरज नाही.

मालदीवबद्दल थोडक्यात, म्हणजे तुलना पुरी होईल. माले शहराचं मूळ बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटर आहे आणि ते अर्ध्या दिवसात पायी होतं. बघण्यासारखी खरी गोष्ट एक, 1658 ची हुकुरु मशीद. पाण्यातून काढलेला प्रवाळ ओला आणि मऊ असताना कापायचा, वाळवायचा आणि सुतारकामासारख्या खाचा पाडून एकात एक बसवायचा, अशी ती उभी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शुक्रवारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात. दुपारनंतर मासळीबाजारात टुना कापणाऱ्यांचे हात पाहण्यासारखे. बाकी सहल रिसॉर्टच्या बेटावर, आणि तिथे तीन दिवसांनंतर मुलं पाण्यात खूश, आई-वडील कंटाळलेले, हे ठरलेलं.

तरी तिकडेच जायचं ठरलं तर फसायच्या जागा वेगळ्या आहेत. समुद्रविमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारी साडेतीनच्या पुढे मालेला उतरलात तर रात्र मालेजवळच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते आणि ती पॅकेजमध्ये नसते. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात. परतीच्या बोटीची वेळ कोणत्या घड्याळाची ते विचारून घ्या. भारतीयांना व्हिसा पोचल्यावर 90 दिवसांपर्यंतचा फुकट मिळतो, मात्र परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं आणि प्रवासापूर्वीच्या 96 तासांत ऑनलाइन घोषणापत्र भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट. मुलांचे पासपोर्ट आजच उघडून पाहा: लहानांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि ही तारीख घरात कोणाच्याच लक्षात नसते. दारू सामानात नेता येत नाही. स्थानिक बेटांवर पोहण्याचे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच चालतात.

खर्चाची तुलना पॅकेजच्या आकड्यावर करू नका. मालदीवच्या आकड्यात बोट किंवा समुद्रविमान, दर माणशी दर रात्रीचा ग्रीन टॅक्स, सेवाशुल्क आणि तिन्ही वेळचं जेवण आहे का ते पाहा, कारण रिसॉर्टच्या बेटावर दुसरं हॉटेल नसतं. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. अंदमानच्या आकड्यात बोटींची तिकिटं, प्रवेशशुल्कं आणि गाडी दिवसभराची की फक्त ने-आण करणारी, हे पाहा. विमा लोक फक्त परदेशासाठी काढतात. बोट आणि विमानाच्या विलंबाचा विमा अंदमानलाच जास्त लागतो. आणि आजारपणाचं म्हणाल तर मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, हॅवलॉकला प्राथमिक सोयच मिळते. वडिलांची औषधं दहा दिवसांची घ्या, दोन पिशव्यांत वाटून.

हॅवलॉकला तुम्ही स्वतः स्कूबा करणार असाल तर डाइव्ह पहिल्याच सकाळी. डाइव्हनंतर 18 तास विमानात बसायचं नाही, आणि वरच्या आखणीत तो वेळ आपोआप मिळतो. किनाऱ्यावर मगरींची पाटी असेल तिथे पाण्यात उतरू नका, खाडीच्या मुखाशी तर पाय धुवायलाही नाही. मुलांच्या खिशात आलेले शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे तिथेच परत ठेवायला लावा. विमानतळावर सामानाच्या एक्सरेत ते दिसतात आणि वन्यजीव कायद्याखाली जप्त होतात. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती सामानात न टाकता हातात ठेवा.

बुकिंगचा क्रम: आधी विमान, आणि जाताना पोर्ट ब्लेअरला दुपारी बाराच्या आत उतरणारं. त्यानंतर लगेच हॅवलॉकच्या जाण्या-येण्याच्या बोटी, कारण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हॉटेलच्या खोलीपेक्षा बोटीतल्या पाच जागा आधी संपतात. मग हॅवलॉकचं हॉटेल, मग ध्वनिप्रकाशाची तिकिटं, आणि पोर्ट ब्लेअरच्या खोल्या सगळ्यात शेवटी.